मुलं कमी झाली तरी शाळेचा खर्च का वाढतो? न्यू जर्सीतल्या छोट्या डिस्ट्रिक्टचं बजेट कसं वाचायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. दोन वर्षांपूर्वी तुम्ही एडिसन सोडून न्यू जर्सीतल्याच एका छोट्या गावात घर घेतलंत. गावचं स्कूल डिस्ट्रिक्ट किंडरगार्टन ते आठवी, जेमतेम साडेपाचशे मुलं. मुलगी चौथीत, मुलगा सप्टेंबरमध्ये किंडरगार्टनला जाणार. मार्चमध्ये शाळेचं पत्र आलं की स्टेट एड (राज्याकडून शाळेला मिळणारे पैसे) कमी झाली, ऑर्केस्ट्रा बंद होतोय, लायब्ररियन अर्ध्या वेळेची होणार आणि प्रॉपर्टी टॅक्स मात्र वाढणार. आणि त्याच आठवड्यात मैदानावर टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, टाकायचं काम सुरू झालं. मुलं कमी होतायत तर खर्च वाढतो कसा, पैसे जातात कुठे, आणि मुलांसाठी परत मोठ्या डिस्ट्रिक्टला जावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी १७ वर्षं न्यू जर्सीतल्या छोट्या डिस्ट्रिक्ट्सच्या बिझनेस ऑफिसमध्ये काम केलंय, त्यातली शेवटची बरीच वर्षं बिझनेस अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून, म्हणजे बजेट बांधणं, ऑडिटला तोंड देणं, बसचे करार, छप्पर गळलं की फोन, सगळं त्याच एका माणसाकडे. तुमच्या डिस्ट्रिक्टचे नेमके आकडे माझ्यासमोर नाहीत म्हणून खाली जिथे "समजा" म्हटलंय तिथे सोपे, गोल आकडे घेतलेत, गणित समजायला तेवढे पुरतात.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी कळली की अर्धं बजेट आपोआप कळतं. शाळेला सरकारचे पैसे येतात ते डोकी मोजून, आणि शाळेचा खर्च होतो तो वर्ग मोजून. डोकं आणि वर्ग ही दोन मापं वेगळी आहेत, आणि छोट्या डिस्ट्रिक्टचं सगळं दुखणं त्या दोघांच्या मधल्या फटीत असतं.

समजा डिस्ट्रिक्टमध्ये ५४० मुलं आहेत. किंडरगार्टन ते आठवी म्हणजे ९ इयत्ता, प्रत्येक इयत्तेच्या ३ तुकड्या, एकूण २७ वर्ग, वर्गात २० मुलं. आता तीन वर्षांत २७ मुलं कमी झाली. ऐकायला मोठा आकडा वाटतो, ५ टक्के पट गेला. पण ती मुलं काही एकाच वर्गातून उठून जात नाहीत ना, ती सगळीकडून एकेक जातात. म्हणजे २० च्या जागी १९ मुलं बसलेला वर्ग, तीच टीचर, तीच खोली, तेच हीटिंग, तीच बस तोच रूट फिरणार फक्त एका स्टॉपवर थांबणार नाही. खर्च जवळपास शून्याने कमी झाला आणि एडच्या हिशेबात मात्र २७ डोकी गेली. आणि उलटंही होतं, समजा एखाद्या डिस्ट्रिक्टमध्ये तिसरीत ५० मुलं दोन तुकड्यांत बसली आहेत आणि ऑगस्टमध्ये चार मुलं नवीन आली की तिसरी तुकडी उघडावी लागते, म्हणजे एक पूर्ण टीचर, पगार ६५ हजार धरला तरी फॅमिली हेल्थ इन्शुरन्स धरून लाखाच्या आसपास डॉलर्स. मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये, एडिसनसारख्या, शेजारच्या शाळेत जागा असते, मुलं इकडून तिकडे बसवता येतात, टीचर हलवता येतात. तुमच्याकडे एकच शाळा किंवा फार तर दोन, हलवणार कुठे?

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. ३० सप्टेंबरचा पट म्हणजे घरात काय ताण असायचा ते मला आठवतं, त्या पटावर संचमान्यता, संचमान्यतेवर शिक्षकांची पदं, दोन मुलं कमी पडली तर एक शिक्षक अतिरिक्त. इथे आल्यावर पहिल्यांदा ऑक्टोबरचा काउंट केला तेव्हा मला तीच आठवण झाली. न्यू जर्सीत १५ ऑक्टोबरला शाळेच्या रोलवर जी मुलं असतात त्यांचा हिशेब स्टेटला जातो आणि त्यावर पुढच्या वर्षीची एड ठरते. म्हणजे १६ ऑक्टोबरला आलेलं मूल शिकतं यावर्षी पण त्या मोजणीत ते नाही. आपल्याकडचे काही पालक नवीन गावात आले की "दिवाळी झाली की घालू शाळेत" असं करतात, कृपा करून तसं करू नका, सप्टेंबरमध्येच नाव घाला. जाता जाता, कॅलिफोर्नियाची पद्धत अजून वेगळी आहे, तिथे रोज किती मुलं प्रत्यक्ष हजर होती त्याच्या सरासरीवर पैसे मिळतात, त्यामुळे तिथलं कुटुंब डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला गेलं की शाळेचं थेट नुकसान होतं, सुट्टीचं कारण कितीही खरं असलं तरी. न्यू जर्सीत रोजच्या हजेरीवर एड अशी कापत नाहीत, पण १० टक्के दिवस गैरहजर असलेलं मूल क्रॉनिकली अॅब्सेंट म्हणून शाळेच्या रिपोर्टमध्ये दिसतं, आणि छोट्या शाळेत चारपाच कुटुंबं गेली तरी टक्केवारी उडते.

आता पैसे येतात कुठून. तीन खिसे. फेडरल, स्टेट, आणि गावाचा प्रॉपर्टी टॅक्स. अख्ख्या देशाचा विचार केला तर फेडरलचा वाटा साधारण १० टक्क्यांच्या आसपास, बाकीचं स्टेट आणि लोकल मिळून, आणि न्यू जर्सीतल्या बऱ्यापैकी सुखवस्तू छोट्या गावात फेडरलचा वाटा त्याहूनही कमी असतो. म्हणून वॉशिंग्टनच्या बातम्या वाचून तुमच्या ऑर्केस्ट्राचं उत्तर सापडणार नाही, ते ट्रेंटनमध्ये, म्हणजे राज्याच्या राजधानीत, आणि तुमच्या टाउन हॉलमध्ये आहे.

स्टेट एडचा फॉर्म्युला २००८ च्या स्कूल फंडिंग रिफॉर्म अॅक्टमधून आलाय. गाभा सांगतो. स्टेट आधी हिशेब करतं की तुमच्या एवढ्या मुलांना नीट शिकवायला किती पैसे लागायला हवेत, त्यात मिडल आणि हायस्कूलच्या मुलाचं वजन थोडं जास्त, कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलाचं जास्त, इंग्लिश शिकणाऱ्या मुलाचं जास्त. हे झालं अॅडिक्वसी बजेट. मग स्टेट विचारतं की हे गाव स्वतः यातलं किती देऊ शकतं, आणि ते ठरतं गावातल्या एकूण प्रॉपर्टीची बाजारभावाने किंमत आणि गावातल्या लोकांचं एकूण उत्पन्न या दोन गोष्टींवर. हा झाला लोकल फेअर शेअर. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरते ती इक्वलायझेशन एड.

इथे एक गोम आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही. घरांच्या किमती वाढल्या की फॉर्म्युल्याच्या नजरेत तुमचं गाव श्रीमंत होतं, आणि एड घटते. गेल्या काही वर्षांत न्यू जर्सीत घरांचे भाव कुठे गेले तुम्ही स्वतः बघितलंय, तुम्ही त्याच भावाने घर घेतलंत. आता ज्या आजी-आजोबांनी ४० वर्षांपूर्वी घर घेतलं आणि सोशल सिक्युरिटीवर राहतात त्यांच्या हातात एक डॉलर जास्त आलेला नाही, पण कागदावर गावाची ऐपत वाढली. वर मुलंही कमी झाली असतील तर दोन्ही बाजूंनी मार.

आणि अजून एक जुनी गोष्ट यात मिसळलीय. २००८ मध्ये नवा फॉर्म्युला आला तेव्हा ज्यांची एड त्याने एकदम घटली असती त्यांना अॅडजस्टमेंट एड नावाने आधीएवढी रक्कम चालू ठेवली. पट घटत गेला तरी ती चालूच राहिली, त्यामुळे बऱ्याच छोट्या, विशेषतः ग्रामीण डिस्ट्रिक्ट्सनी त्यावर आपली माणसं बसवली होती. २०१८ मध्ये गव्हर्नर फिल मर्फींनी सही केलेला कायदा आला, सगळे त्याला एस-टू म्हणतात, आणि ती जादाची एड सात वर्षांत टप्प्याटप्प्याने काढून घेतली, २०२४-२५ पर्यंत. ज्या वाढत्या डिस्ट्रिक्ट्सना वर्षानुवर्षं कमी मिळत होतं त्यांना न्याय मिळाला हे खरं आहे आणि ते व्हायलाच हवं होतं. पण ज्यांची कापली त्यातल्या काहींकडे काटायला चरबी नव्हती, तिथे हाड कापलं गेलं, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून बघितलंय. त्यात २०२० आणि २०२१ मध्ये कोविडचे फेडरल पैसे आले, शेवटचा आणि सर्वात मोठा हप्ता सप्टेंबर २०२४ पर्यंत ठरावीक खर्चाला बांधून ठेवायचा होता. ज्यांनी त्यातून लॅपटॉप, व्हेंटिलेशन केलं ते सुटले, ज्यांनी त्यातून काउन्सेलर आणि रीडिंग टीचरना नोकरी दिली त्यांना ती माणसं नंतर स्वतःच्या बजेटमध्ये घ्यावी लागली किंवा सोडावी लागली. तुमच्या पत्रात "वन-टाइम फंड्स संपले" असं काही असेल तर ते हेच.

मग कमी पडलेलं गावाने भरावं, तर तिथे २ टक्क्यांची कॅप आहे. २०१० च्या कायद्याने लोकल लेव्ही, म्हणजे शाळेसाठी गावाकडून गोळा होणारा एकूण प्रॉपर्टी टॅक्स, वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, हेल्थ इन्शुरन्स, पट वाढणं अशा काही सवलती सोडल्या तर. जास्त हवं असेल तर लोकांकडे मत मागायला जावं लागतं. आता समजा लेव्ही १ कोटी डॉलर्स आहे, म्हणजे नवीन पैसे आले २ लाख. टीचर्सच्या करारात पगारवाढ ३ टक्के, एकूण पगार ७० लाख, म्हणजे तिथेच २ लाख १० हजार गेले. संपलं. अजून इन्शुरन्स, बसचा करार, वीज, काहीच धरलेलं नाही, आणि शाळेच्या बजेटचा साधारण पाऊण भाग किंवा जास्तच पगार आणि बेनिफिट्स असतो म्हणून वाचवायचं म्हटलं की माणूसच कमी होतो, कागद-पेन्सिलीत काही निघत नाही. टॅक्स वाढतो आणि शाळेतलं माणूसही जातं, दोन्ही एकदम, ते याच कारणाने. कोणी पैसे खाल्ले असं त्यातून सिद्ध होत नाही.

टर्फ. हा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारायचं आणि रागाने विचारायचं, राग समजण्यासारखा आहे. न्यू जर्सीत शाळेचे पैसे वेगवेगळ्या फंडांत असतात. फंड १० म्हणजे रोजचा खर्च, टीचर, बस, वीज, इन्शुरन्स. फंड २० म्हणजे ठरावीक कामासाठीच्या ग्रँट्स, टायटल वन (कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीची फेडरल ग्रँट) वगैरे. फंड ३० बांधकामाचा, फंड ४० कर्जफेडीचा. कॅफेटेरिया अजून वेगळ्या फंडात. टर्फचे पैसे बहुतेक एक तर रेफरंडममध्ये गावाने मत देऊन मंजूर केलेल्या बाँडचे, म्हणजे कर्जाचे, असतील नाहीतर कॅपिटल रिझर्व्हमधले, म्हणजे बांधकामासाठी साठवलेल्या पैशांतले, आणि ते पैसे उचलून लायब्ररियनच्या पगारात घालता येत नाहीत, घातले तर ऑडिटर लिहून नेईल. बाँडची कर्जफेड २ टक्क्यांच्या कॅपच्या बाहेर असते. म्हणून हे असं विचित्र चित्र दिसतं की बाहेर मशीन चालू आहे आणि आत व्हायोलिन बंद. पण याचा अर्थ प्रश्नच विचारू नये असा नाही. योग्य प्रश्न हा की ते मैदान पुढची वर्षं सांभाळायचा खर्च कुठल्या फंडातून होणार, कारण तो फंड १० मधून होतो, आणि कॅपिटल रिझर्व्हमध्ये दर वर्षी फंड १० मधलेच उरलेले पैसे टाकले जातात, ते किती टाकायचे हा स्कूल बोर्डाचा, म्हणजे गावाने निवडून दिलेल्या मंडळाचा, निर्णय असतो. गेल्या तीनचार वर्षांत किती टाकले ते विचारा. "डिस्ट्रिक्टने ढीगभर पैसे दाबून ठेवलेत" असंही गावात म्हणतात, तर तेही तसं नाही, मोकळं सरप्लस, म्हणजे शिल्लक, साधारण बजेटच्या २ टक्के किंवा अडीच लाख डॉलर्स यात जे जास्त तेवढंच ठेवता येतं, वरचं पुढच्या बजेटमध्ये वापरावं लागतं. एक बॉयलर फुटला की ते अडीच लाख काहीच नसतात.

आता जे मला मनापासून सांगायचंय. तुम्ही लिहिलंय की गावात लोक बोलतात, "सगळे पैसे स्पेशल एडवर जातात", म्हणजे स्पेशल एज्युकेशनवर, खास गरज असलेल्या मुलांच्या शिक्षणावर. हे बोलणं छोट्या गावात फार वाईट ठरतं. खर्च होतो हे खरं आहे. एखाद्या मुलाची गरज आपल्या शाळेत भागत नसेल तर डिस्ट्रिक्टने त्याला बाहेरच्या खास शाळेत पाठवायचं असतं, त्याची वर्षाची ट्यूशन ७०-८० हजार डॉलर्सच्या घरात सहज जाते, बस आणि मदतनीस वेगळे. अशी दोन मुलं एका उन्हाळ्यात गावात राहायला आली तर वर सांगितलेले ते २ लाख संपले, आणि हे बजेट पास झाल्यावर कळतं. स्टेट यातल्या ५५ हजारांच्या वरच्या खर्चाचा काही भाग एक्स्ट्राऑर्डिनरी एड म्हणून देतं पण ती नंतर येते आणि पूर्ण कधीच येत नाही. १९७५ मध्ये फेडरल सरकारने कायदा केला की प्रत्येक अपंग मुलाला शिक्षण मिळालंच पाहिजे, आणि त्यासाठी देशातल्या सरासरी दर-मुलामागच्या खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंतचा वाटा आम्ही उचलू म्हणाले, तो वाटा आजवर एकदाही पूर्ण आलेला नाही. म्हणजे ओझं टाकणारं वॉशिंग्टन, आणि बोलणी खाणार ती आई जी सुपरमार्केटमध्ये तुमच्या मागे रांगेत उभी आहे. ५४० मुलांच्या शाळेत कोणाचं मूल ते आहे हे सगळ्यांना माहीत असतं. मी एका आईला बजेटच्या हिअरिंगमधून रडत बाहेर जाताना बघितलंय, कोणी तिचं नाव घेतलं नव्हतं, घ्यायची गरजच नव्हती. आयईपी, म्हणजे त्या मुलासाठी बनवलेला खास शिक्षणाचा आराखडा, हा त्या मुलाचा हक्क आहे आणि उद्या आपल्यापैकी कोणाच्याही घरात ती गरज येऊ शकते. आपल्या लोकांनी तरी त्या बोलण्यात भर घालू नये.

पट पुढे किती असेल हे कसं ठरवतात तेही सांगतो कारण तुमचा मुलगा त्याच आकड्यात आहे. पद्धत साधी आहे, यावर्षी दुसरीत ६० होती आणि पुढच्या वर्षी तिसरीत ६२ दिसली तर प्रमाण १.०३, अशी चारपाच वर्षांची सरासरी काढायची आणि प्रत्येक इयत्ता पुढे सरकवायची. किंडरगार्टनला मागचा वर्ग नसतो, तिथे पाच वर्षांपूर्वी गावात किती जन्म झाले ते घ्यायचं. मोठ्या गावात हे बऱ्यापैकी जमतं. छोट्या गावात आकडेच इतके लहान असतात की एक टाउनहाउसची स्कीम पूर्ण झाली की सगळं बिनसतं. एका वर्षी किंडरगार्टनला मी ३८ मुलं धरली आणि ५१ आली. नवीन घरं बांधली जातायत हे मला माहीत होतं, पण त्यात बहुतेक वयस्कर जोडपी येतील असं मी मानलं, आणि आली ती तरुण कुटुंबं, त्यात आपलीही बरीच. ऑगस्टच्या शेवटी टीचर शोधली, आणि तीन महिने ती लहान मुलं आर्ट रूममध्ये बसली, आर्टवाली टीचर ट्रॉली घेऊन वर्गावर्गात फिरली. ती चूक माझ्या आकड्याची होती आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण फेब्रुवारीत निम्म्या पालकांनी जरी नाव नोंदवलं असतं तरी मला कळलं असतं. बहुतेक डिस्ट्रिक्ट्स हिवाळ्यातच किंडरगार्टन रजिस्ट्रेशन उघडतात. तुमच्या मुलाचं नाव अजून घातलं नसेल तर याच आठवड्यात घाला आणि गल्लीतल्या ओळखीच्यांनाही सांगा. व्हिसाची भीती काही जणांना असते, तर शाळा प्रवेशासाठी इमिग्रेशन स्टेटस विचारू शकत नाही, १९८२ चा सुप्रीम कोर्टाचा प्लायलर विरुद्ध डो निकाल आहे. राहण्याचा पुरावा, जन्मदाखला, लसीकरण एवढं लागतं.

रजिस्ट्रेशनच्या वेळी दोन फॉर्म असतात जे आपले लोक सर्रास चुकीचे भरतात. एक होम लँग्वेज सर्व्हे. घरात मराठी बोलतो, आजीशी तर फक्त मराठीच, पण फॉर्मवर लिहितात "इंग्लिश", कारण मुलाला ईएसएलमध्ये (इंग्लिश न येणाऱ्या मुलांच्या वेगळ्या वर्गात) टाकतील अशी भीती. खरं लिहा. मराठी लिहिलं म्हणून कोणी थेट ईएसएलमध्ये टाकत नाही, आधी छोटी टेस्ट घेतात, मूल इंग्लिशमध्ये ठीक असेल तर विषय संपला. नसेल तर मदत मिळणं त्याचा हक्क आहे, आणि त्या मुलाचं फॉर्म्युल्यातलं जादाचं वजनही डिस्ट्रिक्टला मिळतं ज्यातून त्या मदतीचा पगार निघतो. खोटं लिहिलं की मूल वर्गात गप्प बसतं आणि शाळेकडे ना माहिती ना पैसे. दुसरा फॉर्म जेवणाचा, फ्री अँड रिड्यूस्ड लंच. फेडरल नियमात गरिबीरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत सवलत. "आपल्याला नको असलं काही" म्हणून लोक बाजूला ठेवतात, पण एकाचीच कमाई आहे, किंवा नोकरी गेलीय, किंवा नवरा-बायको कोणी अजून शिकतंय, अशी कुटुंबं आपल्यात आहेत आणि ती बोलत नाहीत. फॉर्म गोपनीय असतो, कोणाला कळत नाही. आणि त्याच आकड्यावरून अॅट-रिस्क, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या, मुलांचं फॉर्म्युल्यातलं वजन, शाळेच्या इंटरनेटवर ई-रेटची सूट हे ठरतं. पात्र असलेल्या दहा घरांनी लाजून फॉर्म नाही भरला तर छोट्या डिस्ट्रिक्टला ते खरोखर जाणवतं.

तुम्ही एक आकडाही दिलाय, की शेजारच्या गावात पर-प्युपिल, म्हणजे प्रत्येक मुलामागचा, खर्च कमी आहे मग आपल्याकडे एवढा का. तो आकडा एकटा बघू नका. एका हिशेबात पेन्शन, कर्जफेड, बाहेर पाठवलेल्या मुलांची ट्यूशन सगळं धरलेलं असतं, दुसऱ्यात फक्त रोज वर्गात होणारा खर्च. टीचर्सच्या पेन्शनचा मालकाचा वाटा न्यू जर्सीत स्टेट भरतं तरी पहिल्या आकड्यात तो दिसतो. स्टेटचं टॅक्सपेअर्स गाइड टू एज्युकेशन स्पेंडिंग बघा, त्यात डिस्ट्रिक्ट्स आपापल्या आकाराच्या गटात लावलेली असतात, आपल्याएवढ्याच के-८ (किंडरगार्टन ते आठवी) डिस्ट्रिक्ट्सशी तुलना करा. शिवाय पट घटला की भागाकाराने तो आकडा आपोआप वाढतो, एक डॉलर जास्त खर्च न करता.

आणि तुमची मुलं नववीत जाणार ती बहुतेक शेजारच्या हायस्कूलला, सेंडिंग-रिसीव्हिंग करार असतो, तुमचं डिस्ट्रिक्ट तिकडे प्रत्येक मुलामागे ट्यूशन भरतं. तो दर आधी अंदाजाने भरायचा आणि ऑडिट झाल्यावर फरक द्यायचा किंवा घ्यायचा. नववीत मोठा बॅच गेला की त्या वर्षी तो खर्च उडी मारतो. तुमच्या गावात असा करार आहे का आणि कधी संपतो ते माहीत करून घ्या, घर घेताना कोणी सांगत नाही.

हवाईमध्ये अख्ख्या राज्याचं एकच डिस्ट्रिक्ट आहे, आणि आपल्या इवल्याशा न्यू जर्सीत जवळपास ६००, नगरपालिकाच ५६४. त्यामुळे एकत्र व्हा हा सल्ला दर वर्षी येतो. काहींनी केलंय, लॅम्बर्टव्हिल, स्टॉकटन आणि वेस्ट अॅमवेल यांनी २०१४ मध्ये साउथ हंटर्डन रीजनलमध्ये एकत्र येऊन केलं, आणि अटलांटिक हायलँड्स आणि हायलँड्स या गावांनी २०२३ मध्ये मत देऊन जुलै २०२४ पासून हेन्री हडसन रीजनल हे एकच प्री-के ते बारावी डिस्ट्रिक्ट केलं. माझं मत, जिथे गावं आधीच एका हायस्कूलला जातात तिथे हे करावं. पण त्यातून टॅक्स एकदम उतरेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, दोन करारांतले पगार एकत्र करताना बहुतेक वेळा वरच्या पातळीवर जातात. एकत्र येण्याचा खरा फायदा हा की सहावीतल्या मुलीला फ्रेंच घेता येतं, अभ्यासक्रम सगळीकडे एक होतो, आणि अर्धी लायब्ररियन इथली आणि अर्धी तिथली मिळून एक पूर्ण माणूस होतो.

आता वेळेबद्दल, कारण तुम्ही मे महिन्यातल्या हिअरिंगला जायचं म्हणताय. जरूर जा, पण तोवर बरंच ठरलेलं असतं. बोर्ड आणि सुपरिंटेंडंट नोव्हेंबर-डिसेंबरात याद्या करायला लागतात, फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये गव्हर्नरचं भाषण होतं, दोनतीन दिवसांत एडचे आकडे येतात, मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास टेंटेटिव्ह बजेट काउंटीकडे जातं. हिअरिंग एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला. ज्या टीचरना टेन्युअर, म्हणजे नोकरीत कायमपणा, नाही त्यांना पुढच्या वर्षीचं १५ मेपर्यंत कळवावं लागतं, आणि कपात करताना टेन्युअरवाल्यांमध्ये सिनिऑरिटी चालते, म्हणून जाते ती बहुतेक सगळ्यात नवीन, तरुण टीचर. २०१२ पासून बहुतेक डिस्ट्रिक्ट्सनी बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरात नेली आणि कॅपच्या आतल्या बजेटवर लोकांचं मतदानही बंद झालं, त्यामुळे आधीपेक्षा लोक अजूनच उशिरा जागे होतात. माझ्या अनुभवात जानेवारीच्या मीटिंगमध्ये रिकाम्या खुर्च्यांसमोर बसलेल्या बोर्डाने एका पालकाचं बोलणं जेवढं मनावर घेतलं तेवढं मेमध्ये दोनशे लोकांचं घेता आलं नाही, इच्छा असून.

बोलायला सिटिझन असावं लागत नाही. बोर्डावर निवडून यायला आणि मत द्यायला लागतं, पण पब्लिक कमेंटला एच-वन, ग्रीन कार्ड, भाड्याने राहणारे, सगळे उभे राहू शकतात, आणि तसा वेळ ठेवणं बोर्डाला कायद्याने बंधनकारक आहे. बोर्डाचे लोक तुमच्यासारखेच नोकरी करून संध्याकाळी येणारे आहेत, त्यांना यासाठी पगार नाही. जाण्याआधी डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवरचं युजर फ्रेंडली बजेट उघडा, ठेवणं सक्तीचं आहे, त्यात तीन वर्षांचा पट, खर्च, सरप्लस, रिझर्व्ह सगळं आहे, वीसेक मिनिटांत वाचून होतं. काही सापडलं नाही तर बिझनेस ऑफिसला आधी साधा ईमेल करा. मला असे ईमेल आवडायचे, खरंच, कारण हिअरिंगमध्ये तीन मिनिटांत नीट उत्तर देता येत नाही.

मोठ्या डिस्ट्रिक्टला परत जावं का? ऑर्केस्ट्रासाठी म्हणून जाऊ नका. मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये ऑर्केस्ट्रा, रोबोटिक्स, चार भाषा असतील, पण तिथेही याच फॉर्म्युल्याने एड येते आणि तिथेही पत्रं येतात. तुमच्या मुलीला मुख्याध्यापिका नावाने ओळखते, आणि मूल तीन दिवस उदास दिसलं तर कोणाच्या तरी लक्षात येतं, हे छोट्या शाळेचं बजेटमध्ये न दिसणारं रिसोर्स आहे. मात्र दोन गोष्टी दिसल्या तर विचार करा. एक, सलग तीन वर्षं बजेटचं भोक सरप्लसने बुजवलंय. दुसरी, दोन इयत्ता एका वर्गात बसवायची किंवा काउन्सेलर आणि नर्स काढायची चर्चा सुरू झालीय. ही दोन्ही उत्तरं युजर फ्रेंडली बजेटमध्ये आणि बोर्डाच्या मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या नोंदींत, मिळतील.

ऑर्केस्ट्राबद्दल हिअरिंगमध्ये "बंद करू नका" एवढंच म्हणून खाली बसू नका. विचारा की ती पोझिशन पूर्ण वेळेची होती का, शेजारच्या डिस्ट्रिक्टबरोबर शेअर्ड सर्व्हिसने अर्धी-अर्धी घेता येईल का, आणि त्याबद्दल तिकडच्या सुपरिंटेंडंटशी कोणी बोललंय का. पीटीओ (पालक-शिक्षक संघटना) किंवा एज्युकेशन फाउंडेशन सहसा पगार भरत नाही पण वाद्यांचं भाडं, दुरुस्ती, नोटेशन नक्की भरू शकतं, तेवढं आम्ही गोळा करतो असं पाचसहा पालकांनी सह्या करून लिहून दिलं तर बोर्डाला होकार द्यायला काहीतरी हातात मिळतं. एका डिस्ट्रिक्टमध्ये आम्ही बँड असाच वाचवला, आठवड्यातून पाचऐवजी तीन दिवस झाला, पण राहिला. हिअरिंगची तारीख बघून ठेवा आणि शक्यतो त्याच्या आधीच्या मीटिंगलाच जा.